जाळरेषेवरचा सीझन

कोल्हापुरात सीझन म्हटलं की तो उसाचा. दिवाळीच्या आगंमागं कारखान्यांची धुराडी पेटतात, रस्ते ट्रॉल्यांनी भरतात आणि मार्चपर्यंत सगळ्या गप्पा गाळपाच्याच चालतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाठीवर सॅक घेऊन मी "सीझनला चाललेय" असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, "कुठल्या कारखान्यावर?"

कारखाना नव्हे, जंगल. राधानगरी अभयारण्यात दरवर्षी थंडी ओसरायच्या आत जाळरेषा काढतात. वणवा लागलाच तर तो पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणून रेषा त्याआधी तयार लागतात. त्यासाठी आसपासच्या वाड्यांतली माणसं हंगामी लावतात. मी एका संस्थेमार्फत आठ दिवसांसाठी त्यात शिरले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, दोन वर्षं असलीच तुकड्या-तुकड्यांची कामं करणारी. जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी, उन्हाळ्यात कुठे बियाणं गोळा करणं, पावसाळ्यात पठारांवरच्या फुलांची नोंद. मधल्या महिन्यांत शिकवण्या. आई म्हणाली, "गवत कापायलाच जायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला?" मला लगेच उत्तर सुचलं नाही.

पहिला दिवस, ३ फेब्रुवारी

रंकाळा स्टँडवरून सकाळची राधानगरी एस.टी. धरली. हळदी, परिते ओलांडेपर्यंत पुढे उसाच्या ट्रॉल्या आणि मागे आम्ही. ड्रायव्हरमामांनी हॉर्न वाजवायचंही सोडून दिलं होतं. पन्नासेक किलोमीटरला दोन तास लागले. राधानगरीत उतरून पुढे दाजीपूरला वडाप. जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत तेरा, त्यात एक कोंबडी, आणि तिकीट नसलेली ती एकटीच ऐसपैस बसलेली.

रस्त्याच्या कडेने लक्ष्मी तलाव बराच वेळ सोबत करतो. हे शाहू महाराजांचं धरण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी हे काम काढलं आणि लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून इथल्या गावाला राधानगरी नाव दिलं. आम्हा शहरातल्यांना हे धरण आठवतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले' या बातमीपुरतं. मग पंचगंगेची पातळी बघत बसायचं. आता फेब्रुवारीत पाण्याच्या कडेला लाल मातीचा रुंद काठ उघडा पडला होता आणि त्यावर खुरांच्या रांगा होत्या. "गुरं," असं मी मनात म्हणेपर्यंत शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "गवं. रात्री येत्यात प्यायला."

हे जंगल म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान. १९५८ साली 'दाजीपूर गवा अभयारण्य' म्हणून ते राखलं गेलं. राज्यातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये राधानगरीकडचा भाग जोडला आणि क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरवर गेलं. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. शिकारीसाठी राखलं म्हणून राहिलं, हा हिशोब मला दर वेळी जरा खटकतो. पण झालं तसंच.

माझी सोय एका अक्कांच्या घरी होती. अक्का स्वतः रेषेवर कामाला जाणाऱ्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "बूट नवं हाईत व्हय?" हो म्हटल्यावर, "मग चावत्याल," एवढंच बोलून भाकरी थापायला बसल्या. नाचणीची भाकरी, खर्डा आणि वर कच्चं तेल. मोबाइलला रेंज नाही. रात्री नऊला मी गाढ झोपले होते.

दुसरा दिवस

पहाटे सहाला निघालो. आमची टोळी अकरा जणांची: सहा बाया, चार गडी आणि मी. मुकादम म्हणून ज्यांना सगळे मामा म्हणतात ते. वय साठीच्या पुढे, धनगरवाड्यातले, तिसाव्या-पस्तिसाव्या सीझनला. अंगात बंडी, पायात टायरची चप्पल. माझ्या नव्या बुटांकडे त्यांनीही एकदा पाहिलं, बोलले नाहीत.

हत्यारं म्हणजे कोयते, विळे, दाताळी, खराटे. एक पेट्रोलवर चालणारा ब्लोअर, जो पाला फुंकून बाजूला करतो. तो एका तरुण पोराकडे होता आणि तो पोरगा त्याला लहान बाळासारखा जपत होता.

मला वाटलं होतं, गवत कापायचं म्हणजे कापायचं. मामांनी पहिल्या दहा मिनिटांतच थांबवलं. "ताई, गवत कापायचं न्हवं. भुई उघडी करायची." आपण उभ्याने कापतो तेव्हा चार बोटं बुडखा राहतो, आणि आगीला तेवढा पुरतो. म्हणून कमरेतून वाकून जमिनीलगत कापायचं, कापलेलं ओढून रेषेच्या मधोमध लोटायचं, मग दोन्ही कडा खराट्याने माती दिसेपर्यंत झाडायच्या. पट्टा सुमारे सहा मीटर रुंद. मधलं गवत दोन-तीन दिवस वाळू द्यायचं आणि संध्याकाळी वारं पडलं की आपणच जाळून टाकायचं. नाव जाळरेषा का, ते मला इथे कळलं. तोवर मी समजत होते की जाळ अडवते म्हणून.

दाजीपूरकडच्या रानाची मांडणी समजली की रेषा कुठून का जाते ते कळतं. दऱ्याखोऱ्यांत गर्द सदाहरित झाडी, तिला इथे डंग म्हणतात. डंगात दुपारी बाराला सुद्धा गारवा असतो, पाला ओलसर असतो, तिथे आग सहसा शिरत नाही. वर मात्र सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. सावराई सडा, इदरगंजचं पठार. पावसाळ्यात चार-चार हजार मिलिमीटर पाऊस झेलतात, सप्टेंबरात सोनकी आणि सीतेची आसवं या फुलांनी भरून जातात, आणि नोव्हेंबरपासून वाळायला लागतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही. फेब्रुवारीत तिथे गुडघाभर पिवळं गवत, त्यात पाऊल टाकलं की चुरचुर आवाज. आग लागते सड्यावर आणि खाते ती डंगाची कड. दरवर्षी वीतभर. म्हणून रेषा सडा आणि डंग यांच्या सांध्यावरून काढायची.

दुपारी विळा निसटून डाव्या हाताची करंगळी कापली. सॅकमध्ये प्रथमोपचाराची पेटी होती, पण सॅक अर्ध्या किलोमीटरवर झाडाखाली. अक्कांनी शेजारच्या झुडपाची चार पानं ओरबाडली, तळहातावर चोळली आणि हिरवा रस बोटावर पिळला. रक्त थांबलं. झुडूप ओळखून मला हसू आलं. रानमोडी! परीक्षेत मी तिच्यावर पानभर लिहिलं होतं: मूळची अमेरिका खंडाची, इथल्या गवताला-रोपांना दाबून टाकणारी, गव्यांच्या कुरणांची वैरी, वाळली की पेट्रोलसारखी पेटणारी. नावातच रान मोडणं आहे. इथली माणसं तिला शिव्या देतात, उपटून टाकतात आणि हात कापला की तिलाच बोलावतात. उपटायची ती पावसात, माती मऊ असताना. आता उपटायला गेलं तर खोड तुटतं, मूळ राहतं आणि कापसासारखं बी वाऱ्यावर उडून चार ठिकाणी जास्त होतं. त्यामुळे आत्ता फक्त रेषेत येणारी कापायची आणि बाकीची बघून दात-ओठ खायचे.

दिवसभरात साधारण दोनशे मीटर रेषा झाली. अकरा माणसांत. मी मनातल्या मनात अभयारण्याच्या नकाशावर दोनशे मीटर किती दिसतील ते बघितलं. दिसणार नाहीत.

तिसरा दिवस

बूट चावले. कंबर धरली. ब्लोअर बंद पडला आणि पोरगा तो घेऊन राधानगरीला गेला. आम्ही खराट्यांवर.

एक सांगायचं राहिलं. रोज निघताना पायाला, कमरेला औषधी तेल लावायचं, संध्याकाळी गोचीड आहेत का ते बघायचं. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने माणसं दगावली आहेत आणि तो गोचिडांतूनच येतो. अक्का रोज रात्री चिमणीच्या उजेडात माझी मान तपासायच्या. आईने हे बघितलं असतं तर एकतर रडली असती किंवा अक्कांशी तिची मैत्री झाली असती.

चौथा दिवस

सकाळी ऐनाच्या झाडांखालचा पट्टा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं. गवतात कापलं की संपलं. ऐनाखाली झाडून पुढे गेलो की मागे पुन्हा पानं. तळहातापेक्षा मोठी, कडक, पडताना टप् असा आवाज करणारी. फेब्रुवारी-मार्च हाच त्यांचा गळायचा काळ. ऐनाचं स्वतःचं फारसं बिघडत नाही. मगरीच्या पाठीसारखी जाड साल असते, एखादी आग सोसून जातो. पण त्याचा पाला मात्र आगीला रेषेवरून पलीकडे न्यायला पूल बांधून देतो.

माझ्याकडे चाळीसेक फुटांचा तुकडा होता. तीनदा झाडला. चौथ्यांदा मागे वळून बघितलं तर पुन्हा पानं. पाठ सरळ होत नव्हती. बाकीची टोळी जेवायला झाडाखाली बसली होती. मी खराटा ठेवला आणि जाऊन जेवले. जेवणानंतर टोळी पुढे सरकली, मीही सरकले. कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी कामाच्या पहिल्या दिवशीच्या गवताचा जाळ. साडेपाचच्या सुमाराला मामांनी मूठभर माती हातातून सोडून बघितली. सरळ पडली. तरी थांबले. पाऊण तास आम्ही नुसते उभे. घाटमाथ्यावर दुपारी कोकणातलं वारं वर चढतं आणि सूर्य कलला की पडतं. त्यानंतर उलटं, देशावरचं वारं खाली उतरायला लागायच्या आधी मध्ये एक निवांत पट्टा असतो. जाळायचं ते त्यात.

रेषेच्या दोन्ही कडांना माणसं, हातात हिरवे डहाळे, पाठीवर पाण्याचे कॅन. मामांनी काडी ओढली. गवत पेटलं, पण वाऱ्याच्या तोंडावर, त्यामुळे आग हळूहळू, मागे चालल्यासारखी सरकत गेली. वीतभर उंचीची ज्योत. मागे काळी पट्टी. दीड तासात दोनशे मीटर काळे झाले.

मी मामांना विचारलं, लोक वणवा लावतात तरी का? ते म्हणाले, "का म्हंजे? नवं गवत यावं म्हणून. जुनं जळालं की खालनं हिरवं फुटतंय. गुरांना ग्वाड लागतंय." मग हसले. "आमी बी लावलाय की, ल्हान असताना. बा लावायचा, आमी झोडपायचो." मग आता हे जे आपण केलं ते आणि तो वणवा यात फरक काय? मामांनी जरा विचार केला. "वेळ," म्हणाले. "आनि मागं थांबायचं. लावून घरला जायचं न्हाई."

लोकशिक्षणाच्या पत्रकांत वणवा लावणारा नेहमी 'समाजकंटक' असतो. असतातही तसे, शिकारीसाठी लावणारे, बिडी टाकून जाणारे, नवस फेडायला सडा पेटवणारे. पण बरेचजण मामांच्या बासारखे असतात. फरक इतकाच की तेव्हा झोडपायला घरची सहा पोरं होती. आता पोरं मुंबईला, पुण्याला, काडी तेवढी राहिली.

पाचवा दिवस

दुपारी अडीचला मामा विळा हातात धरून उभे राहिले आणि पश्चिमेकडे बघत राहिले. मला काही दिसत नव्हतं. दोन मिनिटांनी सड्याच्या मागून धुराची बारीक दोरी. "पांढरा हाय," मामा म्हणाले. "गवात. अजून झाडाला लागलं न्हाई. चला."

चला म्हणजे पळत, चढावर, दीड किलोमीटर. वनरक्षक दादा दुसऱ्या बाजूने मोटरसायकलवरून आले. त्यांच्यासोबत तिघे फायर वॉचर, म्हणजे वणव्यावर लक्ष ठेवणारे. मिळून आम्ही पंधराजण. मालकीच्या रानातून आग वर चढली होती आणि सड्यावर तिची ओळ दीड-दोनशे मीटर रुंद झाली होती.

वणव्याचा आवाज कुणी सांगितला नव्हता. फोटोत ज्वाळा दिसतात; खरं तर आधी ऐकू येतं. ताडपत्री वाऱ्यात फडफडावी तसा सलग फडफडाट, मध्येच कारवीच्या वाळल्या काड्या फुटल्याचा तडतडाट. आणि उष्णता तोंडावर चापट मारावी तशी. भुवया करपल्याचा वास मला माझाच आला.

मामांनी पळतापळता तीन गोष्टी सांगितल्या. डहाळा डोक्याच्या वर न्यायचा नाही. ठिणग्या उडून मागं पेटतं. मारायचा, दाबायचा, जळलेल्या बाजूला ओढायचा. दुसरं, आगीच्या तोंडासमोर जायचं नाही, दोन्ही बगलांनी दाबत आत यायचं. तिसरं, "वारं फिरलं तर जळलेल्याकडं पळायचं. हिरव्याकडं न्हाई." हे तिसरं अंगाला पटत नाही. पाय आपोआप हिरव्याकडे वळतात. काळ्या, अजून धुमसणाऱ्या जमिनीवर जाणं म्हणजे आगीत जाणं वाटतं. पण जे जळून गेलंय ते पुन्हा जळत नाही.

साडेतीनला वारं फिरलं. मी पळाले, काळ्याकडे, आणि तिथे उभं राहून खोकत असताना वास आला. जळक्या रबराचा. उजव्या बुटाचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबत होता. शेजारी अक्का टायरच्या चपलेत उभ्या, पदर तोंडाला, डहाळा हातात. त्यांनी माझ्या बुटाकडे बघितलं. "चावला नव्हं?" म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

पावणेसहाला ओळ तुटली. डंगाची कड वाचली, एका कोपऱ्यात पाच-सात करवंदीच्या जाळ्या आणि एक वाळकं झाड सोडून. गवत विझलं तरी संपत नाही. गव्याचं वाळलेलं शेण आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतं, पोकळ ओंडका रात्रभर श्वास घेतल्यासारखा धूर सोडतो. प्रत्येक धुमीवर माती लोटायची. अंधार पडेपर्यंत तेच.

उतरताना वळणावर मोबाइलला रेंज आली आणि वनरक्षक दादांचा फोन वाजला. वणव्याचा संदेश. आकाशातले उपग्रह जमिनीवरची उष्णता टिपतात, देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून तो इशारा त्या-त्या बीटच्या, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीच्या, माणसापर्यंत येतो. यंत्रणा खरोखर चांगली आहे. पावणेचारशे मीटरच्या चौकोनात आग दाखवते आणि जिथे कुणाची नजर नाही तिथे तीच नजर. दादांनी स्क्रीन मामांना दाखवला. मामांनी डोळे बारीक करून बघितलं. "बरोबर हाय," म्हणाले, परीक्षकाच्या आवाजात.

सहावा दिवस

सुट्टी नव्हती, पण दुपारपर्यंत कुणी कुणाला उठवलं नाही. बुटाला सुतळी बांधली.

सातवा दिवस

आज निम्म्या टोळीला पाणवठ्याचं काम. डंगातला झरा गाळाने भरला होता. चार-चार हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात फेब्रुवारीपासून पाण्याची ओढ, हे शहरात सांगितलं तर खोटं वाटतं. घमेल्याने गाळ काढला, दगडांची कड पुन्हा लावली, आणि तासाभरात तळाला ओंजळभर स्वच्छ पाणी जमलं. याच पाणवठ्यांशेजारी मचाण बांधून बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राण्यांची मोजणी होते. हौशी मंडळी तेव्हा शुल्क भरून येतात. गाळ काढायला मात्र मजुरी द्यावी लागते.

मी दुपारी कॅमेरा ट्रॅपवाल्या दोघांबरोबर गेले. कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. तेही हंगामीच, एक मुलगा चंद्रपूरचा, एक मुलगी साताऱ्याची. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे, गुडघ्याच्या उंचीवर. दोन का? वाघाचे, बिबट्याचे डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे-ठिपके वेगळे असतात. एकच बाजू मिळाली तर एका जनावराची दोन होतात. राधानगरी ही चांदोली-कोयनेच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला खालच्या गोवा-कर्नाटकच्या जंगलांशी जोडणारी वाट आहे, त्यामुळे इथला एखादा फोटोही महत्त्वाचा ठरतो. कार्ड काढून बघितलं. भेकर. साळिंदर. एक अस्वल, फक्त मागून. कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप, पाच. आणि मग सलग चोवीस फोटो टायरच्या चपलांचे. मामांची टोळी, परवाची, गुडघ्याखालीच दिसणारी. एका फोटोत नवे बूट, जरा लंगडत.

मुलीने ते सगळे 'माणूस' या रकान्यात टाकले.

परतताना आम्ही जाळलेल्या रेषेवरून आलो. तीन दिवसांची राख, आणि राखेत मोठाले, दोन फाकांचे ठसे, अगदी ताजे. मी वाकून बघत होते तेवढ्यात मुलाने माझा दंड धरला. चाळीस पावलांवर, कारवीच्या कडेला, गवा. एकटा नर. मी गवे जीपमधून बघितले होते. पायी उभं राहून बघणं निराळं. खांदा माझ्या डोक्याच्या वर. काळसर तुळतुळीत अंग आणि चारही पायांत कुणीतरी घातलेत असे वाटणारे पांढरे मोजे. तो राखेला नाक लावून होता. मग त्याने डोकं वर केलं, फुसकारा सोडला, आणि तेवढ्या मोठ्या देहाने एकही काटा न मोडता डंगात गेला. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहरापर्यंत आले होते, तेव्हा लोक मोबाइल घेऊन मागे धावले होते. इथे आम्ही तिघे त्यानंतर दहा मिनिटं हललो नाही.

आठवा दिवस, १० फेब्रुवारी

हजेरीपत्रकावर सह्या. अक्कांनी सावकाश, शाळेतल्यासारखी वेलांटी देत नाव लिहिलं. पैसे खात्यावर येतील. कधी? ज्याच्यामार्फत ही माणसं लागली होती त्याने मागच्या सीझनचा शेवटचा आठवडा दिवाळीला दिला होता. बाया त्यावर चिडत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. मला त्याचाच जास्त राग आला. माझे पैसे, इंग्रजीत करारपत्र असल्यामुळे की काय, चौथ्या दिवशी जमा झाले. १५ जूननंतर मामा भाताच्या लावणीला जातील, दोन पोरं गोव्यात हॉटेलात, अक्का कुठे मिळेल तिथे. तीस-पस्तीस सीझन मोडत-जोडत काढलेल्या माणसाच्या डोक्यात या सड्यांचा सगळा वारा आहे, आणि कागदावर ते दरवर्षी नव्याने 'अकुशल'.

निघताना अक्कांनी नाचणीचं पीठ दिलं. मी मामांना माझा नंबर दिला. वडापमध्ये या वेळी अकराच माणसं होती. रंकाळा स्टँडला उतरले तर रिक्षावाल्याने नाक ओढलं, "ताई, कुठं आग लागली व्हती का?"

मार्चात

फोन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मामा रेंजसाठी वळणावर चढून आले होते. वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. खालच्या अंगाने पुन्हा आग आली होती, यावेळी मोठी. रेषेपाशी आली आणि थांबली.

"सगळी थांबली?"

"थांबली की. ऐनापाशी तेवढी उडी मारली. चाळीस-एक फूट. इझवली आमी, काय झालं न्हाई."

मी गप्प झाले. मग सांगितलं, तो तुकडा माझ्याकडे होता, चौथ्यांदा झाडला नव्हता. पलीकडे नुसता वारा. मला वाटलं रेंज गेली.

"पाला पडतोच ओ ताई," मामा म्हणाले. "आमी परत बगायला पायजे हुतं." आणि थोडं थांबून, "रेषेवर हिरवं फुटलंय. गवं येत्यात रोज. पुढच्या साली येतासा न्हवं? मग खराटा एक जास्तीचा आणा. हितलं मोडल्यात."